आईच्या अंगठ्याला बांधलेली कामटी

तव्यावर निरगुडीचा पाला गरम होऊन त्याचा उग्र वास घरभर सुटला की मला मुरबाडकडचं आमचं भाताचं खाचर आठवतं. आईच्या पायाच्या अंगठ्याचा सांधा पार झिजला होता. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून सांधा जखडून टाकू, दुखणं जाईल, पण अंगठा पुन्हा वाकणार नाही.  घरी आल्यावर आईने बांबूची एक कामटी तासली आणि माझ्या पुढ्यात पाय केला. "बांध रे अंगठ्याला, घट्ट. बघू तरी कसं व्हतंय." मी चिंधीने कामटी बांधली. रोपांची जुडी घेऊन ती गुडघाभर चिखलात उतरली आणि वाकून, मागे मागे सरत आवणी करू लागली. चार पावलांतच तो ताठ अंगठा चिखलात रुतला आणि ती मागच्या मागे बसली. भिजल्या लुगड्यानिशी बांधावर येऊन तिने स्वतःच चिंधी सोडली. "आवणी व्हनार नाय. मंग नको ते ऑपरेशन. दुखू दे." मी नुसती मान हलवली. ते खाचर विकायचा शब्द आम्ही दोघा भावांनी आठवड्यापूर्वीच देऊन टाकला होता, आणि तिला सांगायचा धीर मला त्या बांधावरही झाला नाही. पुढच्या आवणीला तिथे नव्या मालकाच्या मजूर बाया वाकलेल्या होत्या. आता आई माझ्याकडे आसनगावला असते. मी तिच्या अंगठ्यावर गरम पाला बांधत असताना कधीतरी विचारते, "तवाच ऑपरेशन करून घ्याया पायजे व्हतं, नाय रे?" मी खाली मान घालून चिंधीची गाठ आवळतो.