मोजणी चुकली नव्हती

पितळखोऱ्याच्या लेण्यांत एका म्हाताऱ्या बाईला विसरून टूरची बस घाट उतरून गेली, ही गोष्ट आमच्याकडे जळगावात अजून सांगितली जाते. सांगणारा दरवेळी थोडी भर घालतो. कोणी म्हणतं गाइड झोपला होता, कोणी म्हणतं फोनवर बोलत होता. मागच्या हिवाळ्यात मी ही गोष्ट शेवटची ऐकली तेव्हा तिच्यात बिबट्याही आला होता.

ती बाई माझी बायको. बिबट्या नव्हता. आणि गाइड झोपला नव्हता, फोनवरही नव्हता. तो माझ्यासमोर उभा राहून मला विचारत होता.

टूर चार दिवसांची होती. जळगावहून निघायचं, पद्मालय आणि पारोळ्याचा किल्ला बघून धुळ्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी लळिंग करून तोरणमाळ, तिसऱ्या दिवशी परत धुळे, आणि चौथ्या दिवशी चाळीसगाववरून कन्नडचा घाट चढून पितळखोरा, की संध्याकाळी घरी. बसमध्ये बहुतेक सगळे आमच्यासारखे निवृत्त. मी धुळ्याला सरकारी कचेरीत नोकरी केली आणि नंतर पिंप्राळ्यात घर बांधून राहिलो. बायको धुळे तालुक्यातल्या खेड्यातली. चाळीस वर्षं शहरात राहूनही तिच्या बोलण्यातली अहिराणी गेली नाही. मला ती घरात चालायची. चार लोकांत नाही.

गाइड पस्तिशीचा असेल. इतिहासात एम. ए. केलेला, एरंडोलचा. पहिल्या दिवशी सगळे त्याला सर म्हणत होते. त्याची मोजण्याची एक पद्धत होती. म्हातारी माणसं बसमध्ये जागा बदलत राहतात, कोणी गुडघ्यासाठी पुढे येतं, कोणी गप्पांसाठी मागे जातं, त्यामुळे डोकी मोजून उपयोग होत नाही असं तो म्हणायचा. म्हणून त्याने निघतानाच सगळ्यांच्या जोड्या लावल्या. बस सुटण्याआधी तो दारापासून मागच्या बाकापर्यंत जायचा आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला विचारायचा, "जोडी पूर्ण?" त्याने आपला जोडीदार बघायचा आणि "पूर्ण" म्हणायचं. नवरा-बायको असतील तर तो नवऱ्याला विचारायचा. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कोणाला वाटलं नाही.

पद्धत चांगली होती. तोरणमाळच्या घाटात एका वळणावर दरी बघायला उतरलो, तेव्हा एक गृहस्थ मागे राहिले होते, ते या पद्धतीमुळेच लगेच लक्षात आले. त्यावर हसाहशी झाली. मागून एक बाई म्हणाली, "आमच्या ह्यांनाही विसरा एकदा, दोन दिवस तरी घोरणं ऐकू येणार नाही." नवरा म्हणाला, "गाइडसाहेब, हिची जोडी अपूर्णच लिहा." पण तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही न बघताच "पूर्ण" म्हणायला लागलो होतो. तो मात्र दरवेळी थांबून, तोंडाकडे बघून विचारायचा.

पितळखोऱ्याला बस वर पठारावर थांबते आणि लेणी खाली दरीत आहेत. पायऱ्या बऱ्याच. आम्ही सावकाश उतरलो. लेण्यात शिरताना गाइडने चपला काढल्या, हात जोडून मिनिटभर डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत बुद्धवंदना म्हटली. तोपर्यंत त्याचं आडनाव कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांना कळलं. दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

तिथे पायऱ्यांच्या बाजूला पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. फण्यांना भोकं आहेत. पूर्वी त्यांतून पाणी पडायचं, असं गाइड सांगत होता. बायको पुढे झाली आणि म्हणाली, "भाऊ, आठे पानी कथाईन येस?"

इथे पाणी कुठून येतं, एवढंच तिने विचारलं होतं. बरोबरच्या दोन बाया हसल्या. वाईट नव्हत्या हसल्या, पण हसल्या. मी तिला म्हणालो, "नीट बोलता येत नसेल तर गप्प बस. लोकांसमोर काय काढतेस?"

गाइडने माझ्याकडे बघितलंच नाही. तिला म्हणाला, "अक्का, इतकी लोकं मी इथे आणली, हे कोणी विचारलं नाही. वरच्या अंगणातलं पाणी दगडात नाली कोरून मागून आणलंय. तुम्हाला दाखवतो." तेवढ्यात कोणाला तरी चक्कर आल्यासारखं झालं, सगळे वर निघाले आणि ते दाखवायचं राहून गेलं.

वर येऊन मी माझ्या जागेवर बसलो. तिची कापडी पिशवी उतरताना ठेवली होती तशीच शेजारच्या सीटवर होती. फोनही त्याच पिशवीत. मागच्या बाकावर बायकांची गाणी चालू झाली होती आणि ती रागावून त्यांच्यात जाऊन बसली असणार असं मी धरलं. बायकांना वाटलं, नवऱ्याने टाकून बोलल्यावर ती त्याच्याजवळ जाऊन बसली असेल. हे मला नंतर कळलं.

गाइड आला. "आबा, जोडी पूर्ण?"

"पूर्ण."

त्याने सीटवरच्या पिशवीकडे बघितलं. "अक्का कुठे आहेत?"

"मागे आहे. सांगितलं ना, पूर्ण."

मान वळवली असती तर ती दिसली नसती आणि मला कळलं असतं. मी मान वळवली नाही. वळवली की तिच्याशी डोळ्याला डोळा द्यावा लागेल, एवढंच माझ्या मनात होतं. ती आली की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि मी आली म्हणून सांगितलं. या सगळ्या प्रकारात चूक झाली ती इथे.

घाट उतरून चाळीसगावच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा ती नाही हे उघड झालं. गाइड धावत आला, चालकाला म्हणाला, गाडी फिरवा. आणि त्या घटकेला, सगळे माझ्याकडे बघत असताना, मी त्याच्यावर ओरडलो. "मोजता येत नाही तर ही कामं घेतोस कशाला?"

तीन दिवस मी त्याला अहो-जाहो करत होतो.

तो म्हणाला, "आबा, मी तुम्हाला विचारलं होतं."

"कोणाला? मला कोणी विचारलं नाही."

माझ्या पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी वर आमचं बोलणं ऐकलं असणार, पण ते रस्त्याकडे बघू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "ह्या लोकांना ठेवतात कशाला अशा ठिकाणी?" 'ह्या लोकांना' म्हणजे कोणाला, हे बसमधल्या प्रत्येकाला समजलं. मला त्या वाक्याने हायसं वाटलं, आणि हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते. माझ्या खोट्याला पुरावा लागणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

घाट परत चढून पोचलो तेव्हा अंधार पडला होता. ती वर पठारावर, जंगलखात्याच्या माणसाजवळ एका दगडावर बसली होती. त्याने तिला स्वतःची शाल दिली होती. सगळे वर निघाल्यावर ती एकटी मागे वळून नाली बघायला गेली होती. वर आली तेव्हा बसच्या जागी नुसती धूळ होती. मी समोर गेलो तर तिने माझ्याकडे बघितलं नाही. गाइडला म्हणाली, "भाऊ, देखी लिधं मी. मांगला दगडमा नाली कोरेल शे."

"हो अक्का," तो म्हणाला.

परतीच्या रस्त्यात तक्रार लिहायचं ठरलं. "आबा, तुम्ही कचेरीतले, तुमचं अक्षर चांगलं, तुम्हीच लिहा," असं एकजण म्हणाले. मी लिहिलं. 'मार्गदर्शकाने प्रवाशांची मोजणी न करता बस सोडली.' हे वाक्य माझं आहे. कागद बसभर फिरला आणि सह्या झाल्या. गाइड पुढे चालकाजवळ पाठ करून बसला होता. कागद बायकोकडे आला तेव्हा ती म्हणाली, "माझा चष्मा पिशवीमा शे." चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. कोणी दुसऱ्यांदा सही मागितली नाही.

त्याचं काम गेलं. त्या टूरवाल्यांनीच नव्हे, दुसऱ्या कोणीही त्याला पुन्हा घेतलं नाही. असली गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

बायको घरी त्यावर कधी बोलली नाही. माझ्याबरोबर पुन्हा कुठल्या प्रवासालाही आली नाही. लेकीकडे जायची तर एकटी जायची. एकदाच, शेजारीण आमच्या ओट्यावर बसून तो किस्सा रंगवून सांगत होती, तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तो माणूस चांगला व्हता." मी उठून आत गेलो. सहा वर्षांत मला तिला एवढं म्हणता आलं नाही, की हो, होता. मग ती गेली.

मागच्या हिवाळ्यात आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांनी तीच टूर ठरवली. मी नाव दिलं. मुलगा म्हणाला, "आबा, या गुडघ्यांनी?" मी म्हटलं, एक गोष्ट बघायची राहिली आहे.

पितळखोऱ्याला मी दर दहा पायऱ्यांना बसत उतरलो. नाग होता तसाच होता. वरच्या अंगणात जाऊन मी नाली शोधली. सहज दिसत नाही, वाकावं लागतं. दगडातून बोटभर खोल वाट काढत ती फण्यांच्या मागे जाते. बायको इथे वाकली असेल, हात घालून बघितला असेल. तिला प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायची सवय होती. मीही हात घातला. आत ओल होती.

या वेळी गाइडच्या हातात यादी होती आणि तो नावं पुकारत होता. घाटाखाली चहाला थांबलो तेव्हा एका गृहस्थांनी किस्सा सुरू केला. यादी का आली, तर म्हणे पूर्वी एक गाइड होता. बिबट्या तेव्हाच आला. "म्हातारी ओरडतेय आणि हा बसमध्ये घोरतोय," ते म्हणाले आणि सगळे हसले.

मी म्हणालो, "ती ओरडली नव्हती."

"तुम्हाला काय माहीत आबा? तुम्ही होतात का?"

"ती माझी बायको. गाइडने मला विचारलं होतं, जोडी पूर्ण का. मी न बघता हो म्हणालो. मग त्याने विचारलंच नाही असं सांगितलं. तक्रार मी लिहिली."

किस्सा सांगणारे गृहस्थ पेला खाली ठेवत म्हणाले, "जाऊ द्या आबा. आता अक्का नाहीत, तो गाइडही कुठे गेला असेल. कशाला उकरायचं?"

"तो कुठे गेला नाही. एरंडोलला आहे."

हे मला पूर्वीपासून माहीत होतं. एरंडोलला स्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. धुळ्याला जाता-येता एस.टी. तिथे थांबते आणि खिडकीतून दुकान दिसतं. आठ वर्षांत मी त्याला कितीदा तरी पाहिलं असेल. दरवेळी पेपर तोंडासमोर धरला.

टूरहून आल्यावर मी सगळं एका कागदावर लिहिलं, त्याच अक्षरात, खाली सही केली आणि एरंडोलला उतरलो. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले आहेत. त्याने मला लगेच ओळखलं. "बसा" म्हणाला नाही. मी कागद पुढे केला. त्याने काउंटरवर ठेवून उभ्या उभ्या वाचला. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याच्या आधार कार्डाच्या प्रती काढून दिल्या, आणि परत पहिल्या ओळीपासून वाचला.

"अक्का कशा आहेत?"

मी सांगितलं. त्याने मशीनचं उघडं झाकण खाली केलं.

मग म्हणाला, "एक दुरुस्ती करा. तुम्ही लिहिलंय, मी विचारलं. मी दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा 'अक्का कुठे आहेत' असं विचारलं होतं."

त्याचं बरोबर होतं. मी त्याच्याकडून पेन मागून घेतला आणि ओळीवर काकपदाची खूण करून 'दोनदा' हा शब्द घातला. त्याने तो वाचला.

"याचं काय करणार?"

"ज्यांनी सह्या केल्या, त्यांना देणार. काही आता नाहीत, काहींचे पत्ते माहीत नाहीत. त्यांच्यासाठी छापून आणीन कुठेतरी."

"किती प्रती?"

मला आकडा आठवेना. मी म्हटलं, तीसेक काढा.

"प्रवासी चौतीस होते, अक्का धरून," तो म्हणाला. "सह्या तेहेतीस. तुमची धरून."

मशीन चालू झालं. मी माफी मागण्यासाठी घरून वाक्य तयार करून आणलं होतं, ते मशीनच्या आवाजात बोललो. त्याने ऐकलं का नाही, मला सांगता येणार नाही. सगळ्या प्रती निघाल्यावर त्याने त्या हातात घेतल्या, अंगठा ओला करून एकेक मोजल्या, गठ्ठा सारखा केला, आणि माझ्यासमोर काउंटरवर ठेवून पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजल्या.