नळीला लावलेलं तेल

इंग्रजांच्या राज्यात सरकारी खात्यात पाणबुड्या म्हणून मी सहा वर्षं काढली. बेळगावहून निपाणीकडं जाताना आमचं गाव लागतं. तिथनं चार कोसांवर नदीला जुना दगडी बंधारा होता. पावसाळ्यात त्याच्या दारांत ओंडके, झुडपं, फुगलेली जनावरं येऊन अडकायची. ती काढल्याशिवाय दारं बसायची नाहीत आणि दारं बसल्याशिवाय कालव्याला पाणी नाही. मग मला पितळी टोप, रबरी कपडे आणि शिशाचे बूट चढवून खाली सोडायचे. गावातली माणसं हसायची. "आला बघा साहेबाचा म्हसोबा!" म्हणायची. एकदा तीस फूट खाली जाऊन या म्हणावं, मग हसा पोट धरून.

खाली माझा सगळा जीव एका रबरी नळीवर. वर बंधाऱ्यावर हवेचा पंप असायचा, दोघांनी चाक फिरवलं की नळीतनं हवा टोपात यायची. त्या दोघांतला एक माझा थोरला भाऊ. अण्णाखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातची हवा मी घेतली नसती, इतका माझा त्याच्यावर भरवसा.

त्या साली पाऊस लांबला आणि काम दसऱ्यानंतर धरायचं ठरलं. खंडेनवमीला सगळी हत्यारं बाहेर काढली. पहारी, दोरखंड, पंप, टोप, सगळं धुऊन पुसून मांडलं, झेंडूच्या माळा घातल्या. अण्णानं नळीचं वेटोळं मांडीवर घेतलं आणि शेंगतेलाचा हात फिरवायला बसला. हातभर नळी पुसायची, तेल चोळायचं, पुढं सरकायचं. आमच्यात मोटेला असंच करतात. चामडं तेलावर जगतं, तेल चुकलं की तडकतं, हे आम्हांला शेंबड्या वयापासून ठाऊक.

"रबराला कशाला रं अण्णा?" मी विचारलं.

"आरं, रबर म्हंजे तरी काय? साहेबाचं चामडंच की. तुझा जीव हाय हिच्यावर, कोरडी कशी ठेवू?"

ओवरसियर रावसाहेब खुर्ची टाकून समोरच बसले होते. बेळगावचे, चांगले शिकलेले. त्यांनीच नारळ फोडला, खोबरं खाल्लं, "लई चकचकीत केलीस रे नळी" म्हणून अण्णाची पाठ थोपटली. वेटोळं मग सामानाच्या खोलीत उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली पंधरा दिवस पडून राहिलं.

काम सुरू झालं त्या दिवशी नळी हाताला चिकट लागली. मला वाटलं, तेल अजून मुरायचं असेल. उतरलो. तिसऱ्या दारात बाभळीचा बुंधा आडवा अडकलेला. त्याला साखळी घालतोय तोवर टोपातली हवा एकदम मंदावली. फुस फुस असा पंपाचा ठेका कानात असतो, तो थांबला. थोड्याच वेळात अंगावरचे कपडे आवळायला लागले, जणू कुणी पिळा घालतंय. छाती दबली. डाव्या कानात सळई घातल्यासारखी कळ गेली आणि तोंडात रक्ताची चव आली. मी दोराला चार हिसके दिले. चार हिसके म्हणजे वर ओढा. मनात एकच, अण्णा, काय करतोयस रं तू!

तो काय करत होता ते मला नंतर कळलं. नळी पंपापासून दोन हातांवर फुगून फाटली होती. अण्णानं डोक्याचा पटका काढून तिथं गच्च आवळला, त्यावर मूठ दाबली आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवत राहिला. जोडीदाराला ओरडला, "तू दोर वढ, चाक म्या बघतो!" मला वर काढेपर्यंत त्यानं मूठ सोडली नाही. दोन बोटांची कातडी चाकानं सोलली होती.

बेळगावच्या दवाखान्यात महिनाभर होतो. जीव राहिला, डाव्या कानाचा पडदा गेला. एका कानाचा पाणबुड्या खात्याला नको होता.

चौकशीला मोठा साहेब आला. रावसाहेबांनी पेटीतनं एक इंग्रजी पुस्तक काढलं, बोट ठेवून वाचून दाखवलं आणि मग आम्हांला मराठीत सांगितलं, "यात स्पष्ट लिहिलंय, रबराला तेल लावू नये. तेलानं रबर कुजतं."

मी उठून उभा राहिलो. "मग त्या दिवशी समोर बसून का सांगितलं न्हाई?"

"मला कुणी विचारलं होतं का?"

वा रे शहाणा! पुस्तक पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली ह्याच्या जानव्याला, आणि अडाणी आम्ही! कागदावर अण्णाचं नाव चढलं. त्याला काढून टाकलं. रावसाहेब पुढं बढतीवर गेले.

शिव्या द्यायच्या त्या रावसाहेबाला द्यायला पाहिजे होत्या. पण तो हाताशी नव्हता, भाऊ होता. घरी आल्यावर भरल्या अंगणात मी त्याला म्हणालो, "पूजा केलीस आणि बळी माझा दिलास व्हय रं?" वहिनीनं पदर तोंडाला लावला. माझी जीभ तेव्हा झडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर आम्ही एकाच घरात राहिलो, शेत केलं, जेवलो. बोलणं कामापुरतं. दिवस मावळायच्या आत तो कट्ट्यावर माझ्या शेजारी येऊन बसायचा, आणि बसायचा नेमका डाव्या अंगाला. त्या कानानं मला ऐकू येत नाही हे घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिथं बसून तो खालच्या आवाजात बोलायचा. लई वेळ बोलायचा. त्याचे ओठ हलताना मला डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसायचे. मान जरा वळवली असती तर उजव्या कानाला सगळं कळलं असतं. मी वळवली नाही. बोल म्हटलं, बोलत बस. आठ वर्षं मी असा दगडासारखा समोर बघत बसलो.

अण्णा तापानं गेला, चार दिवसांत. तेराव्यानंतर वहिनी माझ्यापुढं येऊन बसली.

"भावजी, माझ्याशी ते चार शब्द बोलायचे न्हाईत. तुमच्यापाशी बसून रोज काय बोलायचे ओ?"

तिला ते हवं होतं. तिच्या वाट्याचं तेवढंच उरलं होतं, आणि ते माझ्याकडं आहे असं तिला वाटत होतं.

"शेताचंच की," मी म्हणालो.