मैनेच्या खुरावरचा पोळा

सुभद्रामावशी गेल्याची बातमी मला शहापूरच्या फाट्यावर, चहाच्या टपरीत कळली. सांगणाऱ्याला वाटलं, मला ठाऊकच असेल. "कालच तं नेलं..." एवढं बोलून तो बशीत चहा ओतू लागला. आमची गावं शेजारची, पण तिच्या शेवटच्या दुखण्यात मी एकदाही गेलो नाही. धानाची कापणी चालू होती हे कारण खरं आहे, पण मनाला ते पुरत नाही. आज काही आठवड्यांनी लिहायला बसलो आहे, तो मात्र रडगाणं गायला नाही. तिनं मला जे दिलं, ते सांगायचं राहून जाऊ नये म्हणून.

मावशी लोहाराची बायको. नवरा टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचा आणि ती पाय उचलून धरायची. तो वारल्यावर बाईच्या हातून नाल ठोकून घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून ती नुसते खूर तासून देऊ लागली. नाल न सोसणारी, लंगडी घोडी तिच्या अंगणात यायची, आणि त्यातली बरीचशी अनवाणी राहूनच सुधारायची. हे तिनं पाहून ठेवलं होतं. जीभ मात्र तिच्या कानशीसारखीच खरखरीत.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझा टांगा शहापूर-भंडारा चालायचा. घोडी तांबडी, नाव मैना. त्या वर्षी पोळ्याला आईनं बैलांचे पाय धुतले, त्यांना पुरणपोळी चारली. मैना बाजूला खुंटीला बांधलेली, मान वळवून बघत होती. मला भरून आलं. बैल हंगामापुरते राबतात, बारा महिने घर चालवते ही, आणि हिच्या वाट्याला काहीच नाही? मी थाळीभर पुरणपोळ्या तिच्यापुढं ठेवल्या. वर टोपलं भरून भिजवलेले हरभरे आणि गूळ. दुसऱ्या दिवशी उरलेलंही तिलाच. ती खात होती आणि मी तिच्या मानेवरून हात फिरवत होतो...

त्यानंतरच्या सकाळी ती जागची हलेना. पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागं घेऊन उभी. खुरांना हात लावला तर ते तव्यासारखे तापलेले. कोणी म्हणालं, वारं गेलं अंगावरून, तापल्या सळईचा डाग दे. माझे काका म्हणाले, "हे आता कामाची नाही. नाल्यापलीकडं सोडून दे, जंगल पाहून घेईल." आईनं मात्र मावशीला बोलावणं धाडलं.

ती आली, खाली बसली आणि खूर हातात न घेताच म्हणाली, "काय चारलंस बे?"

मी सांगितलं.

"पुरणपोळी! साडीचोळी कायले नाही नेसवली मग? बैलाचं पोट येगळं, घोडीचं येगळं. दाणा तिच्या पोटात सडला अन् खुरात उतरला."

त्याच दिवशी तिनं नाल उपटून काढले. दाणा बंद, फक्त धानाची तनस, वाळका पेंढा. मैनेला एकेक पाऊल टाकत घराजवळच्या बोडीवर, लहानशा तळ्यावर, नेलं आणि काठच्या गार चिखलात उभं केलं. आग कमी झाल्यावर खूर तासायला घेतला. लाकडी ठोकळ्यावर तो ठेवून ती टाच उतरवायची, पुढं वाढू पाहणारं टोक कानशीनं मागं आणायची. एका वेळी थोडंच. घोडीनं पाय ओढला की थांबायची आणि तिच्याशी माझ्याबद्दल वाईटसाईट बोलायची. "तुह्या मालकाले देवानं माया देली, अक्कल द्याले इसरला."

महिन्याभरानं खुरावर, केसांच्या खाली, एक आडवा वळ दिसू लागला. मावशीनं माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. "हा तुहा पोळा. खूर वाढन तसा हा खाली उतरन. जमिनीले टेकला का घोडी तुही." मैना आजारी पडल्यापासून टांगा उभाच होता, मी लोकांच्या धानाच्या बांध्यांत मजुरीला जात होतो. पण रोज सकाळी आधी तो वळ पाहायचो. लोकांना मैनेचा खूर दिसायचा, मला माझी थाळी दिसायची.

लग्नसराई आली तेव्हा मैना बरी चालत होती. वळ खुराच्या मध्यावर होता. मी तिला मावशीकडं नेलं आणि म्हणालो, "मावशी, आता नाल ठोकू दे. जुंपतो."

तिनं कानस खाली ठेवली. "तुले टांगा पायजे का घोडी पायजे? टांगा पायजे तं जाय, बाजारात नालवाला बसला आहे."

मी लगाम ओढून मैनेला वळवलं. बाजाराकडं न जाता घराकडं निघालो. पाठीमागून आवाज आला, "च्या पिऊन जाय ना, रुसून काहून जाऊन राहिला?"

पुढचा पोळा जवळ आला तेव्हा वळ अगदी कडेला पोचला होता. मावशीनं सुरी लावली. वळासकट खुराची चकती सुटून खाली पडली. तिचा काळा कुत्रा टपूनच बसला होता. खुराचे तुकडे म्हणजे त्याचा खाऊ. त्यानं चकती उचलली आणि कोपऱ्यात जाऊन कुरतडू लागला.

"घे," मावशी म्हणाली, "तुहं पाप कुत्र्यानं खाल्लं. आता पुन्हा त्या पापाचं तोंड पाहू नको."

मैना त्यानंतर बरीच वर्षं चालली. भंडाऱ्यात रिक्षा आल्या, टांगा मोडला, तरी ती होती. पायाला पुन्हा नाल लागला नाही.

मावशीच्या तेरवीला मात्र गेलो. अंगणात तो ठोकळा तसाच होता, खूर टेकून टेकून मधोमध खोलगट झालेला. मी त्यावर बसलो. आता घरात दुसरा कुत्रा आहे, त्याच काळ्याच्या वंशातला असावा. तो आला, माझ्या पायापाशी बसला आणि हाताकडं बघत राहिला. द्यायला हातात काही नव्हतं. आजारपणात न आल्याची टोचणी तेवढी होती. मावशी असती तर तिनंच ती तासून त्याच्यापुढं टाकली असती... मी हात पुढं केला. त्यानं तो हुंगला, चाटला आणि कोपऱ्यातल्या आपल्या जागी जाऊन निजला.