मायची ताणलेली हाक

मेथीचा ताजा वास आला की धाड गावच्या बाजाराच्या आदल्या दिवसाची ती दुपार आठवते. आई मळ्यात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती आणि मी तिच्या कानांना हेडफोन लावला. तेव्हा मी गावातले आवाज टिपून, ते संगणकावर ताणून, उलटे करून एक अल्बम रचत होतो. त्यातला सर्वांत लांब तुकडा तिनं मला जेवायला मारलेल्या हाकेपासून मी केला होता. तिनं मातीचे हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. “हा वारा व्हय का रे?” “नाही माय, हा तुहाच आवाज हाय.” ती बराच वेळ ऐकत राहिली. “मले त कोनी पान्याखालून बोलावून राह्यलं असं वाटते. पन माही साधी हाक ठेवली ना?” “तिचं आता काय काम?” मी ऐटीत म्हणालो. मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं होतं. ती “बरं” म्हणाली आणि पुन्हा जुड्या बांधू लागली. आई जाऊन आता तीन वर्षं झाली. तो अल्बम अनोळखी माणसं आवडीनं ऐकतात. मी मात्र तो तुकडा सुलटा करतो, वेग वाढवतो, पुन्हा पुन्हा कान देतो. पण “ये रे जेवाले” एवढे तीन शब्द काही केल्या ऐकू येत नाहीत.