मोठं खोकं

आळीतले काका बोलण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघायचे. जन्मभर टेंपो चालवलेला माणूस. आरसा बघितल्याशिवाय तोंडातून शब्दसुद्धा निघत नसे. "आदी मागचं बगायचं, मग फुडं जायचं," म्हणायचे. तुमच्याही आळीत असं कुणीतरी असेल.

खालापूरच्या आमच्या आळीतला मी पहिला पदवीधर. कॉलेजची एसटी चुकली की काका मला कर्जतला सोडायचे. मागे क्रेटवर नाही, शेजारी बसवून.

पुढे साखरेच्या आजारात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. टेंपो विकला. एकदा माझ्या लॅपटॉपवर त्यांनी ट्रक चालवायचा गेम पाहिला. चित्र अडखळत होतं, तरी त्यांचा डावा हात गिअर शोधू लागला.

काही दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. मागे बघून हळूच म्हणाले, "ह्यो खेळ न अडकता चालंल असा भारी कॉम्प्युटर तयार मिळतो, का जोडायला लागतो?"

मी मन लावून समजावलं. तयार घेतला तर वॉरंटी एकाच दुकानाची. सुटे भाग आणून जोडला तर त्याच पैशात ग्राफिक्स कार्ड चांगलं बसतं. ॲक्सिलरेटर हाताने दाबायचं स्टिअरिंगही मिळतं. काकांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं,

"तयारचं खोकं केवढं असतं रं?"

मी दोन्ही हात पसरले.

त्यांनी दाराबाहेर आळीकडे पाहिलं. "मग जोडूया. लोक म्हनतील, पाय गेला आन् म्हातारा खेळन्यातली गाडी हाकतोय."

एकेक भाग कर्जतहून माझ्या पिशवीतून आला, वर मेथीची जुडी टाकून. शेजारच्या आत्या म्हणाल्या, "काय रं, मेथी लय जड झाली का?" माझी मान वर होईना.

कॉम्प्युटर मागच्या खोलीत जोडला, खिडकी लावून. पडद्यावर ट्रक मागे घेताना काकू क्लीनर व्हायच्या. भिंतीवर थाप मारून अगदी दबक्या आवाजात म्हणायच्या, "येऊ द्या, येऊ द्या... बास!"

दसऱ्याला मात्र काकांना राहवलं नाही. गाडीला हार घातल्याशिवाय त्यांचा दसरा कधी गेलाच नव्हता. त्यांनी स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटखाली लिंबू ठेवलं. तेवढ्यात आत्या सोनं द्यायला थेट आत आल्या.

"अगं बाई! या वयात गेम?" त्या हसल्या. मनात काही वाईट नव्हतं. पण काकांचे कान लाल झाले. त्यांनी हार काढला, सगळ्यावर चादर टाकली. ती चादर त्यांनी पुन्हा काढली नाही.

या थंडीत काका गेले. तेरावं झाल्यावर काकू म्हणाल्या, "तू जोडलास, तूच घेऊन जा." मी सवयीने पिशवी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो.

काकूंनी पिशवी काढून घेतली. "सुटा नको करूस. हाय तसा ने. म्होरल्या दारानं."

दार अरुंद. कॅबिनेट उराशी धरून मी पाठमोरा निघालो. ओट्यांवर माणसं, आत्याही. काकू माझ्याआधी आळीत जाऊन उभ्या राहिल्या.

मी उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. काकू चौकटीवर थाप मारत होत्या, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात :

"येऊ दे रं... येऊ दे!"