खळमामांनी लावलेली रिकामी खुर्ची

पोस्टर चिकटवणाऱ्याने ते वाचू नये, हा खळमामांचा सव्वीस वर्षांचा नियम. वाचत बसलं की खळ वाळते, असं ते म्हणत. बादलीभर खळ, लांब दांड्याचा ब्रश आणि एक शिडी एवढ्या भांडवलावर त्यांनी साबणापासून निवडणुकीपर्यंत सगळं भिंतींवर चढवलं होतं आणि त्यातल्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नव्हता. मोठं पोस्टर बारा तुकड्यांत येतं, प्रत्येकाच्या पाठीवर आकडा असतो. आकड्याशेजारी आकडा लावायचा, सुरकुती काढायची, उतरायचं. शिडीवरच्या माणसाला फार तर एक नाकपुडी दिसते. चेहरा दिसतो तो रस्त्याला.

त्या मंगळवारी त्यांनी स्वतःच्याच घरासमोरच्या भिंतीवर बारा तुकडे लावले. गुरुवारी बायकोच्या केमोचा तिसरा डोस होता, म्हणून कामं उरकायची घाई. जिना चढून घरात आले तर बायको खिडकीत उभी. डोक्याचा रुमाल हातात. केस गेल्यापासून रुमालाशिवाय ती त्यांच्यासमोरही येत नसे.

"अहो, हे तुम्ही लावलंत?"

मामांनी बाहेर पाहिलं. दोन मजली उंच जेवणाचं टेबल. खुर्च्या चार, माणसं तीन. चौथ्या खुर्चीच्या पाठीवर बाईची शाल. खाली हातभर अक्षरांत, 'तिने कॅन्सरची तपासणी वेळेवर केली असती तर...' आणि शेजारी हॉस्पिटलचं नाव, सवलतीच्या तपासणीच्या तारखा.

बादली खाली ठेवायचंही मामांना सुचेना.

"हॉस्पिटल आपलंच आहे," बायको म्हणाली. "म्हणजे त्यांना आतलं माहीत असणार. मग गुरुवारी जायचं कशाला? खुर्ची त्यांनी आधीच रिकामी केलीय."

"अगं, जाहिरात आहे ती! साबणाने कुणाचं नशीब उजळलंय का?"

"साबण माझ्याबद्दल बोलत नव्हता."

तिने टेबलावरची हॉस्पिटलची फाइल उचलली, कपाटात घातली आणि किल्ली फिरवली.

मामांनी जिन्यात जाऊन जाहिरात कंपनीच्या साहेबांना फोन लावला. "साहेब, ते खुर्चीचं पोस्टर बदला. समोर आजारी माणसं राहतात हो."

"मामा, लोकांना धक्का बसलाच पाहिजे, असं ठरलंय. मीटिंगमध्ये आम्हा सगळ्यांना बसला."

"इथंही बसलाय."

"बघा! म्हणजे काम करतंय."

मामा पायरीवरच बसले. पोस्टरने विचारलं होतं तिला, पण उत्तर त्यांच्याकडे होतं. गेल्या वर्षी तिने गाठ दाखवली, तेव्हा ऐन निवडणुकीचा हंगाम. 'एवढीशी तर आहे, हंगाम संपू दे,' असं म्हणून ते शिडी घेऊन निघाले होते. हंगाम चार महिने चालला. नंतर तो विषय तिने एकदाही काढला नाही. आपण सुटलो, असं मामांना वाटत होतं.

बुधवारी सकाळी त्यांनी खालच्या रांगेतल्या चार तुकड्यांवर जुने कागद चिकटवले, कोरी बाजू वर. वाक्य गेलं, हॉस्पिटल गेलं, सवलतही गेली. उरलं ते जेवणाचं टेबल. तासाभरात फोन आला.

"मामा, खालची ओळ कुठाय?"

"कागद उलटे लागले वाटतं."

"सव्वीस वर्षांत कधी नाही ते?"

"वाचायला गेलो ना, साहेब. म्हणून."

घरी बायको खिडकीतच होती. "झाकलंत. पण मी वाचायचं ते वाचलंय."

"चुकीचं छापलं होतं." मामा म्हणाले. "'तिने' नाही. उशीर मी केला. हंगाम संपू दे, असं मी म्हणालो होतो."

कुणी थोबाडीत मारावी तसा तिचा चेहरा झाला होता.

"एवढं बोलायला दोन मजली पोस्टर लागलं तुम्हाला?"

तिने रुमाल बांधायला घेतला. गाठ नीट बसेना, तेव्हा पाठ वळवून उभी राहिली. मामांनी खळीच्या बोटांनी ती बांधली.

"आणि खुर्ची का नाही झाकलीत?"

"खळ संपली."

"असू दे मग." तिने कपाटाची किल्ली फिरवून फाइल बाहेर काढली. "उद्या तिथून आल्यावर पाय फार दुखतील. कुठेतरी बसायला लागेलच."