आमच्या गच्चीवरचे विमानवाले

गच्चीवर धूळ साठते तसे किस्से साठतात. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा आहेतच. मी फारसा बोलणारा माणूस नव्हे. घरात बोलायचं काम हिराबाईकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे आहे. पण पनवेलजवळचा हा नवा विमानतळ सुरू झाला, आमची गच्ची नेमकी विमानांच्या उतरायच्या वाटेशेजारी निघाली, आणि दर रविवारी भल्यामोठ्या लेन्स घेऊन तीन माणसं जिना चढायला लागली. त्यांच्यापायी मलासुद्धा बोलावं लागतंय!

पहिला आला निखिल. नवीन पनवेलला राहतो, बँकेत आहे. त्याने खालूनच विचारलं, "आजोबा, वरून विमान दिसतं का?"

"दिसतं. ऐकूही येतं. फडताळातली भांडी पण हलतात."

"मस्त!" तो म्हणाला.

यात मस्त काय, ते मला अजून कळलेलं नाही.

*

निखिलने मग दोघांना आणलं. एक दातांचे डॉक्टर आणि दुसरा गॅरेजवाला अश्फाक.

हिराबाई गच्चीवर जवळा वाळत घालते. इतकी बारीक सुकट, की नवख्याला कचराच वाटावा. डॉक्टरांना एकदा 'लो अँगल' पाहिजे होता. लो अँगल म्हणजे पालथं पडायचं, हे मला त्या दिवशी कळलं. ते थेट जवळ्यावर पालथे पडले! उठले तेव्हा अर्धा जवळा शर्टाला. तो झटकला आणि उशीर झाला म्हणून तसेच, त्या वासासकट, दवाखान्यात गेले.

पुढच्या रविवारी स्वतःच सांगत होते. खुर्चीतली बाई बराच वेळ तोंड उघडून पडली होती. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "डॉक्टर, इतकी किडलीय का हो माझी दाढ?"

*

मासळी आली की घारी आल्या. विमान आलं की नेमकी घार आडवी! निखिल वैतागला. हात जोडून म्हणाला, "आजी, थोडे दिवस मासळी बंद ठेवता येईल का? पक्ष्यांचेच फोटो येतायत."

"पक्षी म्हनून इक लोकांना. नायतर कर्नाळ्याच्या पक्षी अभयारन्यात जा," हिराबाई म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "घारी माझ्या मासळीला येतात. तू कोनाच्या मासळीला आलास?"

*

एकदा निखिलने सहज विचारलं, "आजोबा, तुमचं जुनं घर कुठे होतं हो?"

मी बोट दाखवलं. "धावपट्टीवर ते विमान वळतंय ना, तिथे आमची चूल होती. पलीकडे आंब्याचं झाड."

तो कॅमेऱ्यातून बराच वेळ तिकडे बघत राहिला. मला वाटलं, पोराला वाईट वाटलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार, तेवढ्यात म्हणतो, "काय लोकेशन होतं आजोबा! सोडलंत कशाला?"

*

आता पल्लवीचं. पल्लवी आमची नात. विमानात नोकरीला लागली. पट्टे लावा म्हणून सांगते, पाणी देते. तो महिना तिचं विमान दर रविवारी इथे उतरणार होतं, मग तिची बदली लांब दक्षिणेला. हिराबाईने तिघांना सांगितलं, "पोर जायच्या आदी तिच्या इमानाचा एक फोटो काडून द्या. मला दुसरं काय नको."

"आजी, हे तर आमचं कामच आहे!" तिघे एका सुरात म्हणाले.

रविवार उजाडला. विमान दिसलं. निखिलने लेन्समधून त्याच्या अंगावरचा नंबर वाचला, आणि कॅमेरा खाली घेतला. "हे झालंय."

दोघांनीही कॅमेरे खाली घेतले. या लोकांची रीतच आहे. ज्या विमानाचा फोटो एकदा काढला, त्याचा पुन्हा काढायचा नाही. विमान आरामात उतरलं.

"काय झालंय?" हिराबाईने विचारलं. "अरे, त्यात माझी पल्लवी व्हती ना!"

"या अल्ला," अश्फाक म्हणाला आणि खालीच बसला.

त्या दिवशी चहा वर आला नाही.

*

पुढच्या रविवारी तिघे सकाळपासून हजर. लेन्स रोखलेल्या. आणि वारा फिरला! वारा फिरला की विमानं उलट्या बाजूने उतरतात. "आजोबा, वारा बदलला!" निखिल माझ्यावर ओरडला, जसा काही मीच तो फिरवला होता.

अश्फाकने पटकन खाली धाव घेतली, स्कूटर काढली आणि पलीकडे सुटला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "आजी, दिसलं! एकदम डोक्यावरून गेलं!"

"फोटो काडलास?"

"कसा काढू? एका हातात हँडल, दुसऱ्या हातात फोन!"

कॅमेरा तर गच्चीवरच, माझ्या पायाशी होता.

*

मग आला शेवटचा रविवार. दोन दिवसांनी पल्लवी जाणार होती. वारा सरळ, आभाळ स्वच्छ. "आजी, आज नंबर बघणारच नाही," निखिल म्हणाला. तिघे कठड्याजवळ तयार. विमान आलं. चाकं खाली, ऊन अंगावर, घार एकही नाही.

तेवढ्यात हिराबाईने दोरीवरचं लाल लुगडं ओढलं आणि तिघांच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हातांनी हलवायला लागली. आदल्या दिवशी तिने फोनवर नातीला सांगून ठेवलं होतं म्हणे, की दाराच्या खिडकीतून बघ, मी लुगडं हलवते.

"आजी, बाजूला व्हा!" डॉक्टर किंचाळले. "विमान दिसत नाहीये!"

"मला दिसतंय! पल्वेऽऽ! ए पल्वेऽऽ!"

विमान समोरून गेलं आणि उतरलं. निखिलने कॅमेरा माझ्यापुढे धरला. सगळा फोटो लाल. वरच्या कोपऱ्यात विमानाच्या पंखाचं टोक, नखाएवढं. "गेलं, आजोबा," तो म्हणाला. रडायचाच बाकी होता.

हिराबाई धापा टाकत आली. पदराने तोंड पुसलं, निखिलच्या हातातून कॅमेरा घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

"बारीक झालीय पोर," ती म्हणाली. "जेवत नाय वाटतं."